पांदणीचा पैसा नालीवर का? निधी गावाच्या हाती मोकळा द्यावा की वरून बांधून?

पांदणकाठ

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे, दुसरी टर्म. गेल्या मंगळवारची गोष्ट सांगते आणि मग प्रश्न विचारते.

सोयाबीन सोंगून वावरात सुड्या लावलेल्या, वरून पाऊस. ताडपत्र्या टाकून लोकांनी कसंबसं झाकलं. मळणीयंत्र न्यायचं तर पांदणीत, म्हणजे वावराच्या वाटेवर, गुडघाभर चिखल. एका घरची बंडी आसापर्यंत रुतली. बैल सोडून घेतले, चौघांनी चाकाला खांदा लावला, तरी हलेना. शेवटी बायकांनी गाठोडी बांधून डोक्यावर घेतली, दीड किलोमीटर. त्यात एक सात महिन्यांची पोटुशी होती. तिचं ओझं मी उतरवून घेतलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुम्ही तं पंचायतीत आहा ना?" मला उत्तर देता आलं नाही.

तीन वर्षांपासून आमच्या 'आमचा गाव, आमचा विकास' आराखड्यात ही पांदण पहिल्या नंबरवर आहे. पण १५ व्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के बंधित होता : निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. अबंधित ४० टक्क्यांत दिवाबत्ती, अंगणवाडीची दुरुस्ती, संगणकाचा खर्च. पांदणीला काही उरलं नाही. नाली मात्र दुसऱ्यांदा झाली, कारण तिच्यासाठी खात्यात पैसा पडून होता.

दुसरी बाजू माझ्या नोकरीची. मी एका छोट्या संस्थेत काम करते. आम्हाला परदेशी मदत थेट नाही, एका मोठ्या संस्थेमार्फत मिळायची. २०२० मध्ये विदेशी अंशदान कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने दुसरीला असा पैसा देणंच बंद झालं. आमचे कुपोषणाच्या कामावरचे चार गावांतले वर्ग दोन महिन्यांत थांबले.

म्हणून विचारते : पैसा देणाऱ्याने किती ठरवावं आणि ज्याच्या गावात तो येतो त्याने किती? पुढच्या ग्रामसभेत "सगळा निधी अबंधित करा" असा ठराव मांडायचा माझा विचार आहे. मांडू का?

खारपाणपट्टा

ताई, तुमचं खरं हाय. आमच्या अकोल्याकडचं सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा मिळून नऊशेच्या आसपास गावं खारपाणपट्ट्यात. खाली पाणी हाय, पण खारं. त्या पाण्यानं वावर भिजवलं तं जमीन चोपण होते. हे इथल्या लहान पोट्ट्यालेबी माहीत हाय. तरी मागं आमच्या गावाले विहिरीचं उद्दिष्ट आलं. काऊन? तं तालुक्याले आकडा आला, तालुक्यानं गावाले वाटला. माह्या चुलत्यानं विहीर खंदली, म्हणे एखांद्या वेळी गोडी झर लागन. पाणी लागलं त्या दिवशी नारळ फोडला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं अन् तसंच थुकलं. थे विहीर आजबी हाय, काठावर बाभूळ उगवली. आमाले पाह्यजे होतं शेततळं, पावसाचं गोडं पाणी साठवाले.

मंग २०१८ पासून पोकरा, म्हंजे कृषी संजीवनी प्रकल्प आला, जागतिक बँकेच्या कर्जाचा. त्यात खारपाणपट्ट्याचा वेगळा विचार होता, गावात ग्राम कृषी संजीवनी समिती होती. शेततळे झाले, तुषार संच आले. हे चांगलं झालं, मी नाई म्हणत नाई. पण पूर्वसंमती ऑनलाइन, अगोदर आपल्या खिशातून पैसा टाका, मंग अनुदान खात्यात. ज्याच्यापाशी टाकाले होतं त्यानं घेतलं. समितीले माहीत होतं कोणाले खरी गरज हाय, पण समितीच्या हातात यादी होती, थैली नव्हती.

मोजमाप_पुस्तिका

जिल्हा परिषदेत बांधकाम विभागात ३१ वर्षं काढली. ताई, तुमची तळमळ कळते, पण तो ठराव मांडू नका.

मी एका गावात सिमेंट रस्ता तपासायला गेलो होतो. कागदावर जाडी सहा इंच. कडेला पहार मारली, सव्वातीन इंचाला खाली मुरूम लागला. रस्ता कुठला? सरपंचाच्या दारापासून त्याच्या भावाच्या गोठ्यापर्यंत. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला बायका सार्वजनिक विहिरीत दोर सोडून पाणी शेंदत होत्या. ग्रामसभेचा ठराव होता, सह्या होत्या, सगळं रीतसर.

पाण्याला आणि स्वच्छतेला पैसा बांधून देतात तो यासाठी. मोकळा पैसा आला की आधी प्रवेशद्वार होतं, मग सभागृह होतं. पाणी आणायचं काम बायकांचं, ते गावच्या पारावर बसून कोणाला आठवत नाही. वरचा माणूस लांब असतो हे खरं, पण लांब असल्यामुळेच तो कोणाचा भाचा नसतो.

१९८५ मध्ये राजीव गांधी बोलले होते की रुपयातले १५ पैसेच लोकांपर्यंत पोचतात. तो रुपया वाचवायचा तर नियम लागतात.

मोहफूल

@मोजमाप_पुस्तिका सर, त्याच वाक्यावर एक विचारतो. १९८५ मध्ये पंचायतींना घटनेचा बंधनकारक आधार नव्हता, ७३ वी दुरुस्ती लागू झाली २४ एप्रिल १९९३ ला. म्हणजे ते ८५ पैसे जात होते तेव्हा सगळा कारभार वरूनच चालला होता. गळती वाटेत होती. तिचा दोष गावावर कसा?

भीमनगरची_ओसरी

मोहफूल, वाटेत गळतं ते खरं, पण शेवटच्या शंभर पावलांतही गळतं. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावच्या आमच्या वस्तीतून लिहिते आहे.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे सांगितलं ते इथे अनेकांनी वाचलं असेल. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर, या अर्थाचं ते बोलणं होतं. मसुद्यात गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरला याचं त्यांना समाधान होतं. ग्रामपंचायतींचं कलम ४० नंतर चर्चेतून आलं. बाबासाहेब शहरात बसून बोलत नव्हते, सोसलेलं बोलत होते.

आमच्या वस्तीत नळाची लाइन गावानंतर सहा वर्षांनी आली. का आली? ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचा नियम आहे, तो कागद माझ्या आईने ग्रामसभेत हातात धरून ठेवला म्हणून. ती बोलली नाही फार. कागद धरून उभी राहिली, ग्रामसेवक वाचेपर्यंत खाली बसली नाही. तो कागद वरून आला होता, गावाने दिला नव्हता. सगळं गावावर सोडा म्हणता तेव्हा आमच्यासारख्यांच्या हातातला तो कागद काढून घेताय, एवढं लक्षात ठेवा.

पऱ्हाटी

ओसरीताई, आईले नमस्कार सांगजा.

मोहफूल

ओसरीताईंचं म्हणणं मी दोनदा वाचलं. मान्य आहे. त्यावर वाद घालत नाही, आमच्याकडचा अनुभव शेजारी ठेवतो.

मी गडचिरोलीतला, धानोरा तालुक्याच्या शेजारचा. मेंढा-लेखा या गावाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना वनविभागाच्याच हातात राहिला. म्हणजे वावर तुमचं, पण कापूस घरी न्यायला दुसऱ्याची चिठ्ठी. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा कुठे बांबू विकता आला. मला तर वाटतं खरा अधिकार २००९ च्या कागदात नव्हता, त्या परवाना पुस्तकात होता. अधिकार दिला म्हणतात तेव्हा मी पहिलं हेच पाहतो की पुस्तक कोणाकडे आहे.

आणि सर, तुमचा सिमेंट रस्ता ग्रामसभेने नाही केला. तो पंचायतीने केला आणि सह्या घरोघरी फिरून घेतल्या. दोन्हींत फरक आहे. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतो, एक माणूस अडला तरी थांबतात. पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्यात, तर पाडा, टोला स्वतःची वेगळी ग्रामसभा मागू शकतो. २०१५ पासून राज्यात आदिवासी उपयोजनेचे ५ टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना अबंध म्हणून येतात. आमच्या टोल्याने त्यातून पहिलं काय केलं? पावसाळ्यात नाल्यापलीकडे अडकणाऱ्या लेकरांसाठी नाला ओलांडायला दगडी सांडवा. आराखड्यात सांडवा कुठल्याच योजनेत बसत नव्हता.

लिलाँग्वे_ते_हिंगणघाट

मूळ प्रश्नात परदेशी मदतही आहे, म्हणून लिहितो. मी बियाण्यांच्या कामानिमित्त तीन वर्षं आफ्रिकेतल्या मलावीत होतो. ताईंचा आणि सरांचा हाच वाद तिथे देशाच्या पातळीवर चालू होता.

मदत देणारे देश पूर्वी मलावीच्या सरकारी तिजोरीत थेट पैसा टाकत. त्याला अर्थसंकल्पीय साहाय्य म्हणत. विचार असा की देश त्यांचा, प्राधान्य त्यांनी ठरवावं. २००५ मध्ये पॅरिसच्या जाहीरनाम्यात दात्या देशांनी हेच लिहून दिलं होतं : मदत घेणाऱ्या देशाची योजना माना, त्याच्याच यंत्रणेतून पैसा द्या, स्वतःची समांतर कार्यालयं कमी करा. त्याच सुमारास मलावी सरकारने दात्यांच्या मनाविरुद्ध खतावर मोठं अनुदान सुरू केलं. दाते म्हणत होते परवडणार नाही. पण मका पिकला. शेतकऱ्याला काय हवं ते त्या वेळी तिथल्या सरकारला जास्त कळलं होतं.

मग २०१३ मध्ये सरकारी तिजोरीतून पैसा लाटल्याचं उघड झालं, 'कॅशगेट' नावाने ते प्रकरण गाजलं. दात्यांनी तिजोरीत पैसा टाकणं थांबवलं आणि स्वतःच्या प्रकल्पांतून, संस्थांमार्फत द्यायला लागले. चोरी थांबवायची म्हणून. पण मी जे पाहिलं ते असं : जिल्ह्याच्या कृषी कार्यालयातला सगळ्यात हुशार माणूस तिप्पट पगारावर प्रकल्पात गेला. कार्यालयात राहिली एक जीप, तिला डिझेल नाही. प्रत्येक दात्याचा वेगळा अहवाल, वेगळी बैठक. तो कृषी अधिकारी मला म्हणाला होता, "आठवड्यातले तीन दिवस मी पाहुण्यांना शेत दाखवतो, शेतकऱ्याकडे कधी जाऊ?" चोरीवर उपाय झाला, पण सरकार शिकायचं थांबलं.

वरून ताबा ठेवण्याचा शेवट २०२५ मध्ये दिसला. जानेवारीत अमेरिकेत एका सहीने परदेशी मदत थांबली, १ जुलैला ती मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी संस्थाच बंद झाली. तिथल्या एका ओळखीच्या नर्सबाईंचा मेसेज आला की एचआयव्हीच्या रुग्णांना घरी जाऊन भेटणाऱ्या बायांचं काम रातोरात गेलं. त्या बाया त्याच गावच्या होत्या, रुग्णांची दारं त्यांना पाठ होती. निर्णयात त्यांना कोणी विचारलं नाही, त्यांच्या सरकारलाही नाही.

पऱ्हाटी

मलावी दूर राह्यलं, आपल्या २००६ च्या गाई आठवा ना राजेहो. १ जुलै २००६ ले पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात जोडधंदा म्हणून संकरित गाई. आमच्या मामाले एक भेटली. मे महिन्यात ४५ डिग्री, गाय तोंड वासून धापा टाके. मामी दोन येळा तिच्या अंगावर ओलं पोतं टाके. पाणी कुठचं? घरच्या रांजणातलं. हिरवा चारा नाई, ढेप महाग. मामा म्हणे, "आधी गाय जेवन, मंग उरलं तं आपण." आठ महिन्यांत निम्म्या किमतीत इकली. त्यांची जुनी गावरान गाय दूध कमी दे, पण धुऱ्यावरच्या गवतावर जगे अन् तिचे गोऱ्हे बंडीले चालत.

मामाले कोणी इचारलं असतं तं तो म्हणाला असता, बियाण्याले पैसा द्या अन् कापसाले भाव द्या.

ढेप_आणि_सरकी

आमच्या घरीही होती तशी एक. आजीने तिचं नाव पाहुणी ठेवलं होतं. गेली तेव्हा आजीच सगळ्यात जास्त रडली.

पुसदचे_मास्तर

एक जुनी आठवण द्यावीशी वाटते. ज्या वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या ते नाईकसाहेब आमच्या पुसदचे. कायदा १९६१ चा, कारभार सुरू झाला १ मे १९६२ ला. माझे वडील त्या पहिल्या पिढीतले शिक्षक. ते सांगत, शाळेची कौलं फुटली तर पंचायत समितीच्या सभापतीकडे सायकलने जायचं आणि आठवड्यात कौलं यायची. जिल्ह्याचं बरंचसं काम निवडून आलेल्या माणसांच्या हाती होतं. नंतर एकेक योजना राज्याने, केंद्राने आपल्या नावाने काढली आणि जिल्हा परिषद वाटप करणारी खिडकी झाली. २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या, वर्षानुवर्षं प्रशासक बसला. निवडून आलेली मंडळी नसली की वित्त आयोगाचा त्यांचा वाटाही अडतो. घटनेच्या ११ व्या अनुसूचीत २९ विषय आहेत पंचायतींसाठी. पाठ करून घ्यायचो मी पोरांकडून. आता वाटतं, कोणता विषय कोणाकडे खरोखर आहे हे पोरांनी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

मेळघाटातून

रोजगार सेवक आहे. रोहयोच्या कामावर दिवसातून दोन वेळा मजुरांचा फोटो ॲपवर टाकावा लागतो, १ जानेवारी २०२३ पासून सगळ्या कामांवर सक्ती झाली. आमच्या कामावर रेंज नाही. फोटो काढतो आणि मोबाइल घेऊन टेकडी चढतो, जाऊन-येऊन पाऊण तास. एका दिवशी फोटो चढला नाही, १९ बायांची हजेरी लागली नाही. खड्डे खणलेले होते, कोणीही येऊन मोजावेत. पण दिल्लीतल्या यंत्राला खड्डा दिसत नाही, फोटो दिसतो.

खोटी हजेरी पूर्वी व्हायची, मी लपवत नाही. पण ती गावात सगळ्यांना माहीत असायची. कोणाचं नाव हजेरीपटावर आहे आणि कोण अमरावतीला आहे हे पाणवठ्यावर बोललं जायचं. तो पट चावडीवर वाचला असता तरी पुरलं असतं.

हिशेबनीस_ताई

@पांदणकाठ ताई, तुमच्या संस्थेबद्दल वाईट वाटलं. मी वीस वर्षं संस्थांचे हिशेब लिहिते, त्यामुळे दोन्ही बाजू सांगते. २०२० च्या आधी काही ठिकाणी परदेशातून निघालेला पैसा तीन हातांतून यायचा आणि प्रत्येक हात आपला व्यवस्थापन खर्च कापायचा. ते चुकीचंच होतं. पण उपाय असा झाला की वाटेतले हात गेले तसा शेवटचा हातही गेला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, परदेशी पैशाचं मुख्य खातं नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका शाखेतच उघडायचं ठरलं. मोठ्या संस्थेला हे जमतं. पाच माणसांच्या संस्थेला ऑडिटरची फी हीच डोंगर.

आणि परदेशी दातेही काही गावावर सोडत नव्हते. एका दात्याच्या तक्त्यात "महिलांचे सक्षमीकरण, संख्या" असा रकाना होता. आमची कार्यकर्ती मला विचारायची, "ताई, इथं कोणता आकडा लिहू?" मी आजही त्या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे.

चार_दिवस_श्रमदान

इथे एक वेगळा नमुना सांगते, कारण मी स्वतः समितीत होते. जलस्वराज्य, जागतिक बँकेच्या मदतीचा पाणी प्रकल्प, २००३ पासून. त्यात गावाने मागणी केली तरच योजना. खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी, आदिवासी गावांना ५. समितीत निम्म्या बायका. पैसा गावाच्या समितीच्या खात्यात.

आमच्याकडे आधी महिलांची सभा झाली. टाकी कुठे बांधायची यावर पुरुषांचं ठरलं होतं मारुतीच्या देवळाजवळ. बायकांनी सांगितलं, उन्हाळ्यात तिथपर्यंत दाब राहणार नाही, वरच्या टेकाडावर बांधा. अभियंत्याने लेव्हल घेतली, बायकांचं बरोबर निघालं. पाणी त्या रोज वाहत होत्या, चढ-उतार त्यांच्या मानेला माहीत होता.

खर्चाचं सांगते. चेकवर दोन सह्या, एक माझी. दर महिन्याला शनिवारी हिशेब मोठ्याने वाचायचा. पाइपांच्या बिलात एकदा वाहतूक दोनदा लागली होती. ती पकडली एका म्हाताऱ्या बाबांनी, ज्यांना वाचता येत नाही. म्हणाले, "गाडी एकदाच आली होती, मी पारावर बसलेलो होतो." व्यापाऱ्याने पैसे परत केले. सगळ्या गावांत असं झालं नाही, शेजारच्या एका गावात समितीचे पैसे बुडालेही. तिथे वाचन होत नव्हतं.

माझं नाव ज्या अटीवरून घेतलंय ती अहमदनगरकडच्या (आताचं अहिल्यानगर) इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातली. फादर बाखर यांनी सुरू केलेलं काम, पैसा जर्मनीचा, नाबार्डमार्फत. निवडीआधी गावाने चार दिवस श्रमदान करून दाखवायचं, मग पुढचं बोलणं. अट वरूनच होती. पण ती गाव काय करेल हे सांगत नव्हती, गाव एकत्र येतं का एवढंच पाहत होती.

मोजमाप_पुस्तिका

वर बाबांची गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो. ३१ वर्षांत मी हजारांवर बिलं तपासली, गाडी किती वेळा आली हे मला एकदाही कळण्याची सोय नव्हती. मला जाडी मोजता येत होती, तीही वर्षातून एकदा.

तरी ओसरीताईंचा कागद हातातून सोडू नये, यावर मी ठाम आहे. काही पैसा बांधलेलाच हवा. पाण्याचा बांधा, मागासवर्गीयांचा बांधा. पण जिथे पाण्याचं काम पूर्ण झालंय तिथे तोच पैसा पुन्हा नालीत ओतायला लावणं हा अपव्यय आहे, आणि तशा बिलांवर मी स्वतः सह्या केल्या आहेत.

भीमनगरची_ओसरी

सर, हे लिहिलंत, बरं वाटलं. @चार_दिवस_श्रमदान ताई, एकच विचारते : हिशेबाच्या शनिवारी आमच्यासारख्या वस्तीतले लोक यायचे का? वाचन कुठे व्हायचं, देवळात की शाळेत?

चार_दिवस_श्रमदान

खरं सांगते. पहिले चार महिने देवळाच्या ओट्यावर व्हायचं आणि वस्तीतलं कोणी येत नव्हतं. एका ताईंनी स्पष्ट सांगितलं तेव्हा शाळेत नेलं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

पांदणकाठ

सगळ्यांचं वाचलं. तो ठराव मांडत नाही. त्याऐवजी दोन मांडते. पहिला, पाणी-स्वच्छतेचं काम पूर्ण झाल्याचं ग्रामसभेने, महिलांच्या सभेसह, लिहून दिलं तर बंधित निधीतली शिल्लक दुसऱ्या कामाला वापरू द्यावी, असं सरकारला कळवायचं. दुसरा आपल्याच हातातला : दर महिन्याला हिशेब शाळेत वाचायचा, वस्तीला आदल्या दिवशी निरोप देऊन.

पण पांदणीचं काय? सर, तुम्ही जाणकार आहात. पैसा मिळेपर्यंत हातावर हात धरून बसायचं का?

मोजमाप_पुस्तिका

नाही ताई. आधी तलाठ्याकडून गावनकाशा घ्या. त्यात पांदण तुटक रेषांनी दाखवलेली असते. नकाशावरची रुंदी आणि जागेवरची रुंदी मोजा. माझ्या अनुभवात दर दहा पांदणींपैकी आठ ठिकाणी दोन्ही बाजूंचे धुरे, म्हणजे बांध, आत सरकलेले असतात. सरकारच्या पांदण रस्ता योजनेत प्रस्ताव करता येतो, पण अतिक्रमण असलं की तो तिथेच अडतो. कोणी अडवलंच तर तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय कायदा १९०६ चं कलम ५ आहे. नवा रस्ता मागायचा तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. मात्र तिकडे गेलात की तारखा सुरू होतात आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं. आधी बसून बोला.

पांदणकाठ

काल नकाशा मिळाला. आज सकाळी सात जण गेलो, मोजपट्टी धरायला शाळेतली दोन पोरं. नकाशावर पांदण ३३ फूट. बंडी जिथे रुतली होती तिथे जागेवर १४ भरली. एका बाजूला उपसरपंचाची तूर आहे. दुसऱ्या बाजूला आमची पऱ्हाटी, कपाशीची पाच तासं.

घरी सांगितलं. सासरे काही बोलले नाहीत, जेवण झाल्यावर म्हणाले, "वेचा होऊ दे, मग उपट." उपसरपंचांकडे उद्या संध्याकाळी जातेय.

खारपाणपट्टा

ताई, एकट्या नोका जाऊ. ज्याची बंडी फसली होती त्याले संगं घ्या.